शिक्षेनंतर कामावर: अमेरिकी वाहतूक व्यवसायातील एका वाटेचा इतिहास

दारू पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्याचा इतिहास बहुधा कायदे, मोजमापाची यंत्रे आणि शिक्षा या क्रमाने सांगितला जातो, आणि शिक्षा भोगून झाली की तो संपतो. ज्याचे पोटच चाकावर चालते, त्याच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: दंड भरला, तुरुंगवास झाला, पिणेही सुटले, तरी त्याला पुन्हा त्याच कामावर घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणाच्या भरवशावर. या प्रश्नाचे रीतसर, लेखी उत्तर शोधण्याचा दीर्घ प्रयत्न अमेरिकेच्या वाहतूक व्यवसायात झाला. तो पाहताना असे ध्यानात येते, की परतीची वाट निव्वळ दयाबुद्धीने क्वचितच उघडली. ज्या कामगाराला घडवण्यात मालकाचा पैसा अधिक गुंतला होता आणि ज्याच्या पाठीशी भक्कम संघटना होती, त्याच्यासाठी ती आधी आणि रुंद उघडली. बाकीच्यांच्या वाट्याला प्रामुख्याने तिचे नियम आले.

मोटार आणि मद्य यांच्या गुन्ह्याची नोंद मुळात एका पगारी चालकापासून सुरू होते. १० सप्टेंबर १८९७ रोजी लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर विजेवर चालणारी टॅक्सी इमारतीवर आदळवणाऱ्या चालकाला दंड झाला, आणि दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दलची ही पहिली शिक्षा मानली जाते. अमेरिकेत या विषयाचा नियम रस्त्यावर येण्याआधी रुळांवर आला होता. तेथील रेल्वे कंपन्यांच्या समान नियमसंहितेत 'नियम जी' नावाचे एक कलम होते; त्याने कामावर असताना मद्य घेण्यास बंदी केली होतीच, शिवाय मद्याची सवय असणे किंवा गुत्त्यात वारंवार दिसणे एवढेही बडतर्फीला पुरेसे कारण ठरवले होते. या नियमात परतीची सोय नव्हती, आणि त्याचा परिणाम त्याच्या हेतूच्या उलट होत असे. कळवले तर सोबत्याची भाकरी जाणार, हे ठाऊक असल्याने फायरमन आणि गार्ड पिणाऱ्या एंजिनचालकाला सांभाळून घेत, त्याच्या वाटणीचे काम उरकून टाकत, आणि वरिष्ठांपर्यंत गोष्ट पोहोचे ती अपघात झाल्यावरच.

रस्त्यावरच्या गुन्ह्याला मोजमापाचा आधार मिळाला तो १९३० च्या दशकात. इंडियाना विद्यापीठातील रोला हार्गर यांनी श्वासातील मद्यांश ओळखणारे 'ड्रंकोमीटर' तयार केले, १९३९ मध्ये इंडियाना राज्याने रक्तातील ०.१५ टक्के मद्यांश ही नशेची कायदेशीर खूण मानली, आणि १९५४ मध्ये रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांचे 'ब्रेथलायझर' आले. आज अमेरिकेत सर्वसाधारण चालकासाठी ही मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यांश, एवढी आहे (युटा राज्याने ती ०.०५ वर आणली आहे), तर भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८५ नुसार ती ३० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत व्यावसायिक चालक आणि वैमानिक यांना ०.०४ चे बंधन आहे. आकडा आल्यामुळे गुन्हा सिद्ध करणे सोपे झाले, पण गुन्हेगार बरा झाला की नाही हे सांगणारे यंत्र कोणी बनवले नाही, आणि पुढचा सारा इतिहास या उणिवेभोवती फिरतो.

ही उणीव प्रथम भरून काढू पाहिली ती दारू सुटलेल्या माणसांनीच. १९३५ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या परस्परसाहाय्याच्या चळवळीने १९३९ मध्ये जे पुस्तक काढले, त्यात मालकवर्गाला उद्देशून एक स्वतंत्र प्रकरण होते. दारूच्या आहारी गेलेला कामगार हा बरा होऊ शकणारा आजारी माणूस आहे, हा विचार त्यातून कारखान्यांपर्यंत गेला. १९४० च्या दशकात, युद्धामुळे कुशल हातांची टंचाई असताना, ड्यूपाँ आणि ईस्टमन कोडॅक यांसारख्या कंपन्यांनी कामगारांसाठी उपचाराच्या योजना आखल्या. या योजनांचे सूत्र पुढे असे ठरत गेले, की मुकादमाने रोगनिदान करू नये. त्याने गैरहजेरी, उशीर, नासलेला माल एवढेच टिपून ठेवावे, आणि ते कागद पुढे ठेवून कामगाराला उपचार किंवा शिस्तभंगाची कारवाई यांतले एक निवडायला सांगावे. नोकरी जाण्याची भीती हेच औषधाचे अनुपान, असा हा प्रकार होता. तो कठोर खरा, पण 'नियम जी'च्या तुलनेत त्यात एक दार उघडे होते. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिल्यावर या पद्धतीला वैद्यकीय प्रतिष्ठाही आली.

कायद्यात हे दार बसवणारा माणूस योगायोगाने स्वतः ट्रकचालक होता. आयोवा राज्यातील हॅरल्ड ह्यूज यांनी तरुणपणी ट्रक चालवला, बेसुमार दारू प्यायली, १९५४ मध्ये ती सोडली, आणि पुढे ते त्या राज्याचे गव्हर्नर व नंतर सिनेटर झाले. आपले जुने पिणे त्यांनी लपवले नाही. उलट १९६२ ची गव्हर्नरपदाची निवडणूक त्यांनी आयोवातील बारमध्ये पेल्याने दारू विकण्यास परवानगी द्यावी या मुद्द्यावर लढवून जिंकली, कारण चोरून चालणाऱ्या विक्रीपेक्षा उघड विक्री बरी, असे त्यांचे मत होते. त्यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झालेल्या कायद्याने मद्यासक्तीवरील संशोधन व उपचारांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली, आणि केवळ पूर्वीच्या मद्यासक्तीच्या कारणावरून कोणालाही संघीय नागरी नोकरी किंवा संघीय परवाना नाकारता येणार नाही, अशी तरतूद केली. 'केवळ' आणि 'पूर्वीच्या' या दोन शब्दांवर पुढे बराच खल झाला, तरी दारू सुटलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यात एक स्थान मिळाले.

नव्या संस्थेच्या अनुदानातून १९७४ मध्ये वैमानिकांच्या संघटनेने सुरू केलेली 'हिम्स' ही योजना (नावाचा अर्थ साधारणपणे 'मानवी हस्तक्षेप आणि प्रेरणा यांचा अभ्यास' असा) या इतिहासातला सर्वांत यशस्वी भाग आहे, आणि तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. वैमानिकाला उड्डाणासाठी परवान्याबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि मद्यासक्तीचे निदान झाले की ते रद्द होते; त्यामुळे पूर्वी पिणारा वैमानिक उपचाराच्या वाटेलाच जात नसे. 'हिम्स'मध्ये त्याच्याशी पहिले बोलणे दुसरा वैमानिक करी. मग निवासी उपचार, मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, खास प्रशिक्षण घेतलेल्या विमानवैद्यकाची शिफारस, आणि शेवटी संघीय विमान प्रशासनाकडून 'विशेष' प्रमाणपत्र, म्हणजे अटी मोडल्यास तात्काळ काढून घेता येणारे प्रमाणपत्र, असा क्रम असे. कामावर परतल्यावरही कित्येक वर्षे अचानक चाचण्या होत, आणि एक सहकारी वैमानिक व एक वरिष्ठ अधिकारी त्याला नियमाने भेटून आपला अभिप्राय लिहीत. 'नियम जी'च्या काळात पिणाऱ्याला पाठीशी घालणारा सोबती इथे त्याचा जामीनदार झाला. या वाटेने हजारो वैमानिक परत उडू लागले. एक जेट वैमानिक तयार करण्याचा खर्च पाहता विमान कंपन्यांनाही हा सौदा परवडणारा होता, आणि तसे त्या उघडपणे मानत. भारतातील नियमांची घडण वेगळी आहे: उड्डाणापूर्वीच्या श्वासतपासणीत पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन महिने आणि दुसऱ्यांदा तीन वर्षे परवाना निलंबित होतो, तिसऱ्यांदा तो रद्द होतो; तिथे भर मुदतीवर आहे.

या योजनेची कसोटी ८ मार्च १९९० रोजी लागली. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ जातीचे विमान ९१ प्रवाशांना घेऊन नॉर्थ डकोटातील फार्गोहून मिनीआपोलिसला सुखरूप उतरले, आणि त्याच्या तिन्ही वैमानिकांना तिथे ताब्यात घेण्यात आले. आदल्या रात्री ते एका बारमध्ये बसले होते. कॅप्टन लाइल प्राउस यांच्या नावावर रमचे डझनाहून अधिक पेले होते. उड्डाणापूर्वी आठ तास मद्य घेऊ नये, या नियमाचा भंग तर झाला होताच, पण त्यांच्यावर खटला चालला तो सार्वजनिक वाहन नशेत चालवण्यास गुन्हा ठरवणाऱ्या १९८६ च्या संघीय कायद्याखाली. आपल्या अशिलाला दारू इतकी अंगवळणी पडली होती की तेवढ्याने त्याच्या कौशल्यावर परिणाम झाला नसेल, असा बचाव प्राउस यांच्या वकिलांनी केला. मद्यासक्तीचा याहून केविलवाणा उपयोग न्यायालयात क्वचितच झाला असेल. ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवले. प्राउस यांना १६ महिने आणि इतर दोघांना प्रत्येकी १२ महिने तुरुंगवास झाला, नोकऱ्या गेल्या, परवाने रद्द झाले.

अटकेनंतर लगेच प्राउस उपचाराला गेले आणि त्यांनी पुन्हा मद्याला हात लावला नाही. त्यांचे आईवडील दोघेही मद्यासक्तीने गेले होते, आणि ते स्वतः मरीन दलातून आलेले अनुभवी वैमानिक होते. तरीही सुटकेनंतर त्यांना हौशी वैमानिकाच्या पहिल्या परवान्यापासून एकेक परीक्षा नव्याने द्यावी लागली. १९९३ मध्ये वैमानिक संघटनेच्या प्रयत्नांमुळे आणि कंपनीच्या प्रमुखांच्या संमतीने नॉर्थवेस्टने त्यांना परत घेतले. १९९८ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते बोइंग ७४७ चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांचाही तिला पाठिंबा होता. या कथेला अमेरिकेत बरीच प्रसिद्धी मिळाली, पण तिच्यात व्यक्तीच्या निर्धाराइतकाच वाटा सोळा वर्षे आधी उभ्या राहिलेल्या योजनेचा होता, हे सांगणारे त्या मानाने थोडे.

प्राउस यांच्या अटकेच्या वर्षाच्या अखेरीस वैमानिकांच्या खाजगी गाडीकडेही प्रशासनाचे लक्ष गेले. नोव्हेंबर १९९० पासून लागू झालेल्या नियमानुसार, मद्यपान करून मोटार चालवल्याबद्दल शिक्षा किंवा परवान्यावर कारवाई झाल्यास वैमानिकाने ६० दिवसांत कळवणे बंधनकारक झाले, आणि तीन वर्षांत असे दोन प्रसंग घडल्यास उड्डाणाचा परवानाही धोक्यात आला. रस्त्यावरचा गुन्हा हे आजाराचे आगाऊ लक्षण आहे, असा तर्क त्यामागे होता. लपवणे हा कळवण्याहून मोठा अपराध ठरला.

जमिनीवरच्या सर्वसाधारण नोकरदाराला १९९० च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने काही संरक्षण दिले, पण न्यायालयांनी त्याची मर्यादा लवकरच आखली. १९९५ मध्ये दोन संघीय अपील न्यायालयांपुढे असे खटले आले. एकात टेनेसी विद्यापीठाच्या सहायक फुटबॉल प्रशिक्षकाला दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाल्यावर काढून टाकले होते. दुसऱ्यात मिलवॉकी काउंटीच्या देखभाल कामगाराला चौथ्या शिक्षेनंतर वाहन परवाना गेल्यामुळे कमी पगाराच्या झाडलोटीच्या कामावर पाठवले होते. दोन्हीकडे निकाल मालकाच्या बाजूने लागला. मद्यासक्ती हा आजार असला तरी प्यायल्यावर गाडीत बसणे हे वर्तन आहे, आणि मालक वर्तनावर कारवाई करू शकतो, असा त्याचा आशय. तर्कदृष्ट्या ही रेघ नीट आहे; मात्र दारू सुटल्यावरही जुन्या शिक्षा ज्याच्या नावावर उरतात, त्याच्या पदरात या रेघेमुळे फारसे काही पडत नाही.

ट्रकचालकांची कहाणी याच रेघेवरची आहे. १९८६ च्या कायद्याने अवजड वाहनांसाठी देशभर एकसारखा व्यावसायिक परवाना आणला, पहिल्या मद्यगुन्ह्याला एक वर्ष आणि दुसऱ्याला आजन्म अपात्रता ठरवली. दहा वर्षांनंतर पुनर्वसन झाल्याची खात्री पटल्यास परवाना परत देण्याची मुभा राज्यांना ठेवली. १९९९ च्या कायद्यानंतर चालकाच्या खाजगी गाडीतला गुन्हाही यात धरला जाऊ लागला. दरम्यान २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर स्थानकाजवळ मद्यधुंद मोटरमनने चालवलेली भुयारी गाडी घसरून पाच प्रवासी ठार झाले, आणि चार वर्षे रेंगाळलेला वाहतूक कामगारांच्या चाचणीचा कायदा दोन महिन्यांत संमत झाला. त्याखालच्या नियमांनी 'कामावर परत' ही पायऱ्यांची प्रक्रिया बांधून दिली: मान्यताप्राप्त व्यसनतज्ज्ञाकडून मूल्यमापन, त्याने सांगितलेले उपचार किंवा शिक्षण, पुन्हा मूल्यमापन, परतीची चाचणी, आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक चाचण्या, ज्या पाच वर्षांपर्यंत वाढवता येतात.

कागदावर ही प्रक्रिया 'हिम्स'ची धाकटी बहीण दिसते, परंतु तिच्यात सोबती नाही आणि नोकरीचा शब्दही नाही. सर्व पायऱ्या चढलेला चालक कामास पात्र होतो. त्याला परत घेण्याचे बंधन मालकावर नाही, असे नियमातच स्पष्ट म्हटले आहे. तज्ज्ञाची फी कोणी भरायची, हेही नियमाने ठरवलेले नाही, त्यामुळे ती बहुधा चालकाच्याच खिशातून जाते. जानेवारी २०२० पासून अशा उल्लंघनांची संगणकीय राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली असून, भरतीपूर्वी ती पाहणे प्रत्येक ट्रक कंपनीला सक्तीचे आहे. नोंद किमान पाच वर्षे आणि पुढच्या चाचण्यांचा क्रम पुरा होईपर्यंत राहते. नोव्हेंबर २०२४ पासून ज्याची प्रक्रिया अपुरी आहे, त्याचा व्यावसायिक परवानाच राज्याने खालच्या दर्जाला आणायचा आहे. आणि परतीची चाचणी चालकाला स्वतः जाऊन देता येत नाही, ती मालकाने पाठवल्यावर होते. त्यामुळे जुन्या कंपनीने काढलेला चालक उपचार पुरे केल्याचा दाखला हाती घेऊन आधी अशी नवी कंपनी शोधतो, जी त्याला नोकरीवर घेण्यापूर्वी त्या चाचणीला पाठवायला राजी होईल.