ट्रिस्टनचा स्वरसंघात

१८६० साली पॅरिसमध्ये रिचर्ड वॅग्नरने आपल्या 'ट्रिस्टन आणि इझोल्ड' या संगीत-नाटकाचे प्रास्ताविक वाद्यवृंदाकडून ऐकविले. श्रोत्यांत फ्रेंच संगीतकार बेर्लियोझ होता. तो स्वतः धाडसी रचनाकार. परंतु ही रचना पुनःपुन्हा वाचून आणि लक्षपूर्वक ऐकूनही रचनाकाराचा हेतू आपणास उमगला नाही, असे त्याने वृत्तपत्रात प्रांजळपणे लिहिले.

एवढा जाणकार मनुष्य कोठे अडखळला? उत्तराचा आरंभ प्रास्ताविकाच्या पहिल्याच संघातात आहे. अनेक स्वर एकाच वेळी वाजवून पाश्चात्त्य संगीतात स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, साधतात. षड्जावरचा संघात म्हणजे घर. पंचमावरचा संघात त्या घराकडे परतण्याची ओढ लावतो. आणि पंचमाकडे नेणारे संघात ही वाटेवरची पावले. संघाताचे कार्य म्हणतात ते हेच.

पेटीवर षड्ज धरून कोमल धैवत, शुद्ध ऋषभ, तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद हे स्वर, धैवत सर्वांत खाली ठेवून, एकत्र वाजवावेत. हाच ट्रिस्टनचा संघात. हे चार स्वर एकत्र येणे नवे नव्हते. त्याच पट्ट्यांचा संघात पूर्वीच्या संगीतातही आढळतो. नवी होती त्याची वागणूक. वरचा निषाद षड्जावर चढतो, पण तेथे विसावत नाही. कोमल ऋषभावरून तो शुद्ध ऋषभाला जातो. खालचा धैवत पंचमावर उतरतो. अशा रीतीने हा विलक्षण संघात पंचमाच्या संघातात विरतो. परंतु त्यानंतर अपेक्षित असलेले घर येतच नाही. एक तणाव सुटतो तो दुसऱ्या तणावात.

या संघाताला कोणते नाव द्यावे, यावर पंडितांचे वाद माजले. १९११ च्या आपल्या ग्रंथात अर्नोल्ड शेनबर्गने अशा संघातांना भटके म्हटले, कारण ते कोणत्याही एका स्वरकुलाशी बांधलेले नसतात. तथापि नावाचा वाद न मिटताही त्याचे कार्य कानाला कळते. पंचमाकडे नेण्याचे जुनेच काम तो करतो. मात्र विश्रांती लांबवून.

व्हिएन्नात ७० हून अधिक तालमींनंतर हे नाटक रंगभूमीवर आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. अखेर १० जून १८६५ रोजी म्युनिकमध्ये हान्स फॉन ब्यूलोच्या संचालनाखाली ते रंगले. अतृप्त प्रेमाच्या त्या कथेत हा संघात वारंवार परततो आणि अतृप्तच राहतो. नायक मरण पावतो, नायिकाही देह ठेवते आणि अगदी शेवटच्या काही मात्रांत तो प्रथमच शांत अशा स्वरसंघातात विसावतो. बेर्लियोझने ऐकले होते ते केवळ प्रास्ताविक. प्रश्न त्याच्या कानी पडला होता, उत्तर मात्र नाटकाच्या अखेरीस होते.