न उच्चारले जाणारे अक्षर

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान फॅरो नावाची अठरा बेटे आहेत. लोकवस्ती आजही पन्नास-पंचावन्न हजारांचीच. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तेथे चर्च, न्यायालय आणि कागदपत्रे डॅनिश भाषेत गेली, आणि फॅरोई जवळजवळ तीनशे वर्षे केवळ बोलण्यात राहिली. रविवारचे प्रवचन एका भाषेत आणि घरचे बोलणे दुसऱ्या भाषेत, हा अनुभव या सभागृहात निराळा समजावून सांगायला नको.

भाषा तगली ती मुख्यतः नाचात. हिवाळ्याच्या रात्री माणसे हात गुंफून रिंगण धरीत आणि शेकडो कडव्यांची वीरगीते गात. आपल्याला पोवाडा आठवेल. पण येथे डफ नाही, तुणतुणे नाही, ताल फक्त पावलांचा. सुरुवात एकजण करी, मग सारे रिंगणच गाऊ लागे.

१७८१-८२ मध्ये वागर बेटावरच्या येन्स क्रिश्चन स्वाबो याने ही गीते उतरवून घेतली, कोशही रचला. ही भाषा लोपणार अशी त्याची खात्री होती. तो जणू मृत्युपत्र लिहीत होता. म्हणून त्याने कानाला ऐकू येईल तसे लिहिले.

त्याच बेटावर, शेजारच्या गावात जन्मलेल्या हामर्सहाइम्बने १८४६ साली नेमका उलट मार्ग धरला. त्याने लेखन जुन्या नॉर्स भाषेच्या वळणावर बसवले. त्यात एक अक्षर असे आहे की जे स्वतःच्या मूळ ध्वनीने कधीच उच्चारले जात नाही! आपल्याकडे तत्सम शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घावरून झालेले वाद आठवा. टीकाकार म्हणत, हे मुलांवर ओझे आहे. ते खोटे नव्हते. पण बेटाबेटांचे उच्चार वेगळे होते. कोणत्याही एका बेटाच्या उच्चाराप्रमाणे लिहिले असते, तर बाकीच्यांना ते परके वाटले असते. पूर्वजांचे लेखन कोणा एका बेटाचे नव्हते, म्हणून ते सर्वांचे होऊ शकले. शिवाय फॅरोई ही डॅनिशची बोली आहे, असे म्हणणाऱ्यांना कागदावरच उत्तर मिळाले. सोय गमावून त्याने प्रतिष्ठा मिळवली; माझ्या मते सौदा योग्य होता.

१९३८ साली शाळेत फॅरोईला डॅनिशच्या बरोबरीचे स्थान मिळाले, १९४८ च्या स्वराज्य कायद्याने ती बेटांची मुख्य भाषा ठरली. स्वाबोचा कोश मात्र १९६६ पासून छापला जाऊ लागला.