काळी, पांढरी आणि भाजीमळ्याचे खत

गावाच्या भूमीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मराठी भाषेने फार पूर्वीपासून मानले आहेत. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) हे दोन्ही शब्द आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथातही ही जोडी येते. पुढे ‘पांढरी’ हा शब्द गावकऱ्यांच्या समूहालाही लावण्यात आला. परंतु या अर्थविस्ताराच्या मुळाशी मातीचे जे ज्ञान आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

वस्तीची माती निसर्गतः पांढरी नसते. वणीभोवतालची जमीन बेसाल्ट खडक झिजून बनलेली, काळी. तिच्यावर पिढ्यानुपिढ्या चुलीची राख, शेण, हाडे आणि पडक्या भिंतींची माती साचत गेली, म्हणजे ती राखी-पांढुरकी होते. राखेतून पालाश व चुना, हाडांतून स्फुरद, मलमूत्रातून नत्र असा तिचा संचय. उन्हाळ्यात जुन्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकण्याची दख्खनमधील चाल यावरच उभी आहे. तिला खर्च तो बैलांचा व अंगमेहनतीचा. मात्र काळ्या जमिनीत चुना आधीच पुष्कळ असल्याने हाडांतील स्फुरद पिकास सावकाश मिळते. भाजीपाल्यासारख्या अल्पमुदतीच्या पिकास केवळ या मातीवर विसंबणे बरे नव्हे.

या स्वस्त खताची खरी किंमत निराळीच आहे. १९२०-३० च्या सुमारास स्वीडनमध्ये ओलाफ अर्रेनियस यांनी दाखविले की मातीतील वाढीव स्फुरद हीच प्राचीन वस्तीची खूण होय. म्हणजे पिकाला जे पोसते तेच संशोधकाचा पुरावा! इजिप्तमधील शेतकरीही ‘सिबाख’ नावाची अशीच माती खणत. १८८७ साली अमार्ना येथील मृत्तिकापत्रे त्या खणण्यातच हाती आली, आणि त्यांतील काही नष्टही झाली. आपल्याकडे नाशिक व जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया व देव यांनी जे उत्खनन केले, तेही अशाच वस्तीच्या थरांचे.

गाव उठून गेले तरी शेताचे ‘पांढरी’ हे नाव मागे राहते. टेकाड खतासाठी उपसले गेल्यावर वस्तीची तेवढीच एक साक्ष उरते. म्हणून दिंडोरी तालुक्यातील अशी शेतनामे, माती हलण्यापूर्वीच, जुन्या माणसांकडून गट क्रमांकासह उतरवून घेतली पाहिजेत.