घर सोडलेल्यांची स्मारके : कान्हेरीची निर्वाणवीथी

१/ प्राचीन रोममध्ये मृतांना नगराच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला जागा मिळे. आप्पियन मार्गावर अशी थडगी आजही उभी आहेत. ती बहुधा कुटुंबाने उभारलेली असत. पण ज्याने कुटुंबच सोडले, त्याचे स्मारक कोणी उभारावे? या प्रश्नाचे उत्तर ठाणे-कल्याणच्या शेजारी, कान्हेरीच्या डोंगरात आहे.

२/ कान्हेरीला जाणारे बहुतेक जण ३ क्रमांकाचे चैत्यगृह पाहून परततात. ८७ क्रमांकाच्या लेण्यापाशी सहसा कोणी नसते. तिथे कोरीव दालन नाही. पुढे झुकलेल्या लांबलचक कड्याखाली विटांच्या स्तूपांचे झिजलेले पाये तेवढे आहेत. हीच निर्वाणवीथी, येथे निवर्तलेल्या भिक्षूंची स्मृतिभूमी.

३/ या स्तूपांच्या भग्न दगडी अवशेषांवरील लेख डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणले. त्यांत स्थविराचे नाव येते आणि त्याने गाठलेली आध्यात्मिक अवस्था येते. कूळ नाही, वंश नाही.

४/ मग त्यांचे वारस कोण? कान्हेरीचाच एक प्राकृत लेख सांगतो : भदंत धम्मपाल स्थविरांचा स्तूप हे सिवपालितनिकेचे दान. ती हेरणिक धमनकाची पत्नी. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्यांचा व्यवहार पाहणारा. एका गृहिणीने गृहत्यागी भिक्षूची स्मृती आपली मानली.

५/ येथील दात्यांत कल्याणकरही आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. रोमन जगाशी व्यापार करणाऱ्या या नगरातील सोनार सामिदत याने कान्हेरीत पाण्याचे टाके दिले.

६/ सामिदताचे कल्याण आजच्या दाट वस्तीखाली हरपले; त्याचे नाव मात्र भिक्षूंच्या डोंगरावर टिकले. नागरिकांनी भिक्षूंची आठवण जपली आणि भिक्षूंच्या लेण्यांनी नागरिकांची.

७/ कान्हेरीला जाल तेव्हा चैत्यगृहापाशी थांबू नका, ८७ पर्यंत चाला. मात्र त्या विटांवर पाय ठेवू नका, बसू नका. त्या कोणाच्या तरी समाधीच्या विटा आहेत. आणि त्या स्थविरांना आता आपल्यावाचून दुसरे वारस नाहीत.