शून्यावर चार : १९५२ चा पराभूत दौरा

विजय सॅम्युअल हजारे हे नाव आजच्या तरुणांना बहुधा एका चषकामुळे ठाऊक असते. सांगलीच्या एका मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात, शाळामास्तरांच्या घरी, १९१५ साली जन्मलेला हा गृहस्थ भारताला कसोटी क्रिकेटमधला पहिला विजय मिळवून देणारा कर्णधार होता. आमच्या ख्रिस्ती घरांतून त्यांच्याविषयी जे अभिमानाने सांगितले जाते ते येथेच थांबते. त्या विजयानंतर चारच महिन्यांनी जे घडले त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आम्हांला मात्र तो पराभवाचा उन्हाळाच अधिक सांगण्याजोगा वाटतो.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरविले. विनू मंकड यांनी सामन्यात १२ गडी बाद केले. पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. स्वातंत्र्याला पाच वर्षेही झाली नव्हती. आनंदाला उधाण आले यात नवल नाही. पण त्या इंग्लिश संघात हटन, कॉम्प्टन, बेडसर यांपैकी कोणीच नव्हते. उन्हाळ्यात हजारे यांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा हे सर्व तेथे वाट पाहत होते. त्यांच्या जोडीला लष्करी सेवेतून रजा घेऊन आलेला एक्केचाळीस नव्हे, अवघा एकवीस वर्षांचा द्रुतगती गोलंदाज होता : फ्रेड ट्रूमन.

आणि आपले मंकड? ते लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. दौऱ्यासाठी आपली निवड होईल असे आश्वासन त्यांनी मागितले, ते नियामक मंडळाने दिले नाही. बारा गडी बाद करणाऱ्या माणसाला मंडळाने असे घरी ठेवले, हे आमच्या मते त्या दौऱ्यातले पहिले अपयश. ते मैदानावर घडले नाही, इतकेच.

जूनमध्ये लीड्सला पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात वीस वर्षांचे विजय मांजरेकर (१३३) आणि कर्णधार हजारे (८९) यांनी चौथ्या गड्यासाठी २२२ धावा जोडल्या. दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा, चार बाद असे आकडे लागले. रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर : तिघांना ट्रूमनने, एकाला बेडसरने बाद केले. त्या अवस्थेतून हजारे (५६) आणि दत्तू फडकर (६४) यांनी शंभराहून अधिक धावांची भागीदारी केली, हे वाक्य मात्र सांगणारे सहसा गाळतात. सामना सात गड्यांनी गेला.

लॉर्ड्सच्या सामन्यासाठी क्लबकडून मंकड यांना सोडवून आणावे लागले. त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, मध्यंतरी पाच गडी बाद केले. तरीही पराभवच. मँचेस्टरला १९ जुलै रोजी तर भारताचा संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला : ५८ आणि ८२. ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत आठ बळी घेतले. ओव्हलवर ६ धावांत पाच गडी गेले होते. पावसाने तेवढा सामना वाचविला. रॉय मालिकेतील सात डावांपैकी पाचांत शून्यावर बाद झाले. कौंटी संघांविरुद्ध धावांचे ढीग रचणाऱ्या उम्रीगरांना चार कसोटींत मिळून ४३ धावा करता आल्या.

लोकांनी एका शब्दात निकाल दिला : भित्रे. वाचकहो, हा शब्द आम्हांला अन्यायाचा वाटतो. हरिहरेश्वरच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी मुले क्रिकेट खेळतात. ओल्या वाळूवर आणि कोरड्या वाळूवर चेंडू किती निराळा वागतो हे ती मुलेसुद्धा सांगतील. इंग्लंडमध्ये त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत. आपले फलंदाज निर्जीव, भाजलेल्या खेळपट्ट्यांवर वाढले होते, आणि मोहम्मद निसार यांच्यानंतर खरा वेगवान गोलंदाज देशात उरला नव्हता. ज्याचा सराव कधीच मिळाला नाही, त्याच्यापुढे पाय मागे सरकले.

हजारे यांचे पाय सरकले नाहीत. सात डावांत त्यांनी ३३३ धावा केल्या, सरासरी ५५.५०. पडझडीत एकट्याने उभे राहणे त्यांना नवे नव्हते. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत हिंदू संघाविरुद्ध ते ‘रेस्ट’ संघाकडून खेळले. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांच्यात न बसणारे, म्हणजे आपण ख्रिस्ती आणि इतर, या संघात मोडत. ‘उरलेले’ हे नाव आम्हांला आजही बोचते. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. तो सामनाही डावाने हरला होता.

इंग्लंडहून परतल्यावर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कर्णधारपद लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. हजारे त्यांच्या हाताखाली खेळले, आणि त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पुन्हा कर्णधार झाले. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली; २००४ साली ते वारले.

उम्रीगर १९५९ मध्ये पुन्हा मँचेस्टरच्या त्याच मैदानावर उतरले. समोर ट्रूमनही होता. त्यांनी ११८ धावा काढल्या. सामना भारताने १७१ धावांनी गमावला.