तळटीप १२ : लॅक्स्टनचा नकाशा

१२. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन गावाचा हा हाताने काढलेला नकाशा १६३५ सालचा. मोजणीदार मार्क पिअर्स. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मजकुरात ‘पट्ट्या’ म्हटले आहे ते असे : गावाभोवतीच्या मोठ्या, कुंपण नसलेल्या रानांत प्रत्येक शेतकऱ्याच्या लांब, अरुंद पट्ट्या विखुरलेल्या असत. कोणत्या रानात गहू, कोणत्यात वसंतातले पीक आणि कोणते पडीक ठेवायचे, हे सगळ्या गावासाठी एकच ठरे. पिअर्सने एकेक पट्टी नोंदवली, शिवाय नांगरट, कापणी, शिकार यांची इवलाली चित्रेही काढली. खरे तर अभ्यासकांसाठी ती चित्रे आकड्यांइतकीच मोलाची आहेत. इतरत्र पार्लमेंटच्या कायद्यांनी अशी बहुतेक राने कुंपणाआड गेली. लॅक्स्टनची तीन राने मात्र आजही याच पद्धतीने कसली जातात आणि गावचे पंच दरवर्षी त्यांची पाहणी करतात.

नकाशा करवून घेणारा जमीनमालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा व्यापारी. ईस्ट इंडिया कंपनीला शह देणाऱ्या त्याच्या मंडळाची जहाजे १६३६ मध्ये गोव्याला आली; कोर्टेन मात्र त्याच वर्षी वारला होता.