नवरीच्या आठवणीतले लग्न

लग्नाइतकी कागदावर उतरणारी दुसरी घटना आपल्या घरांत क्वचितच असेल. आज छायाचित्रे असतात, चित्रफिती असतात. ती सोय नव्हती तेव्हाही लग्नाच्या याद्या होत्या. जुन्या घराण्यांची दप्तरे उघडली की त्या सापडतात. हुंडा किती, करणी काय, कोणाला शेला, कोणाला पागोटे, विहिणीचा मान कसा, पंगती किती, तूप किती शेर. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलेले सगळे त्यात असते.

या कागदांत एका व्यक्तीचा शब्द मात्र नसतो. ती व्यक्ती म्हणजे नवरी. गौरीहरापाशी बसवलेली, मुंडावळ्या बांधलेली, अंतरपाटापलीकडे काय आहे हे ठाऊक नसलेली. सगळा मांडव तिच्यासाठी, पण तिला कोणी काही विचारलेले नाही. आठ, दहा, अकरा वर्षांची मुलगी. तिला विचारायचे तरी काय, असेच तेव्हा सर्वांना वाटे.

पुढे यातल्याच काही मुली लिहायला शिकल्या. तीस-चाळीस, कधी पन्नास वर्षांनी त्यांनी मागे वळून पाहिले आणि आपले लग्न आपल्या शब्दांत सांगितले. त्यांतल्या तिघींची ही गोष्ट आहे. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक आणि आनंदीबाई कर्वे. तिघींची पुस्तके मराठीत आहेत आणि अनेक घरांत ती वाचली गेली आहेत. पण लग्नाची साक्ष म्हणून ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की काही वेगळे दिसू लागते.

पहिले लग्न १८७३ सालच्या डिसेंबर महिन्यातले, पुण्यातले. नवरी कुर्लेकरांची यमुना, वय अकरा. वर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वय एकतीस. त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने ते त्या चळवळीत होते. तेव्हा आता हे विधवेशीच लग्न करणार अशी धास्ती त्यांच्या वडिलांना वाटली आणि त्यांनी घाईने मुलगी पाहिली. रानड्यांच्या घरात त्यांची स्वतःची बहीण दुर्गा वैधव्यात दिवस काढत होती. तिच्या दुसऱ्या लग्नाचा विचार कोणाच्या मनात आला नाही. भावाच्या लग्नाला मात्र काही महिन्यांचाही धीर धरवला नाही.

नवरीचे वडील वराला भेटायला गेले, तेव्हा रानड्यांनी त्यांना परोपरीने सांगितले, की मी सुधारक आहे, मला विलायतेला जायचे आहे, परत आल्यावर मी प्रायश्चित्त घेणार नाही, माझे डोळे आणि कानही अधू आहेत, तुम्ही मला मुलगी का देता? मुलीच्या वडिलांचा निश्चय ढळला नाही. रानड्यांना वडिलांचा शब्द मोडवला नाही. लग्न झाले.

त्या लग्नातले दागिने, पंगती, आहेर रमाबाई फारसे सांगत नाहीत. त्यांच्या लक्षात राहिले ते निराळेच. वर लग्नघरी जेवला नाही. नवरीला घेऊन तो पायीच आपल्या घरी आला, कोणाशी बोलला नाही, सरळ आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले.

रानड्यांच्या चरित्रकारांनी या लग्नाबद्दल पुष्कळ लिहिले आहे. त्यांनी तत्त्व सोडले की पितृभक्ती पाळली, हा वाद तेव्हाच्या वर्तमानपत्रांत झाला आणि पुढेही चालू राहिला. पण त्या रात्रीचे बंद दार आपल्याला दिसते ते नवरीच्या आठवणीमुळे. रमाबाई त्या दाराबद्दल तक्रार करत नाहीत. आतल्या माणसाला किती यातना झाल्या असतील एवढेच सुचवतात. बाहेर उभ्या असलेल्या मुलीला काय वाटले असेल, ते वाचकाने आपले आपण ओळखायचे.

पुढचा प्रसंग अधिकच बोलका आहे. नवरीचे वडील आपल्या गावी परतले, त्या रात्री रानड्यांनी तिला जवळ बोलावून विचारले, की तुझे लग्न माझ्याशी झाले, पण मी कोण, माझे नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, घ्यायचेच तर उखाण्यात गुंफून घ्यायचे, असा तो काळ. मुलीने जे नाव ऐकले होते ते सरळ सांगितले. मग त्यांनी तिला लिहिता-वाचता येते का ते विचारले. येत नव्हते. तेव्हापासून पाटी-पेन्सिल सुरू झाली. पुढे १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, १९०९ साली पुणे सेवासदन उभे राहिले, त्या सगळ्या कामात रमाबाईंचा हात होता. पण त्यांच्या आठवणीत त्यांचे लग्न अंतरपाट दूर झाला तेव्हा लागले नाही. पहिला प्रश्न विचारला गेला तेव्हा ते लागले, असे वाटत राहते.

दुसरे लग्न १८८० सालचे. नवरी नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले, वय अकराच्या आसपास. वर नारायण वामन टिळक, पुढे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. मनूच्या माहेरी विलक्षण सोवळे होते. तिच्या वडिलांना विटाळाची इतकी धास्ती, की बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरातून मुलगी निघाली ती अशा माणसाच्या घरी, ज्याचा पाय एका गावी ठरत नसे, नोकरी टिकत नसे, आणि हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकताना ज्याला घरात पीठ आहे की नाही याची आठवण राहत नसे.

लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपणही हसतो आणि मग थबकतो. कारण हसणारी बाई त्या वेळी रडणारी मुलगी होती. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. शेवटी लक्ष्मीबाई आपल्या मनाने परत नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. म्हणजे १८८० साली मांडवात ज्या लग्नाला त्यांची संमती कोणी विचारली नव्हती, त्याला त्यांनी वीस वर्षांनी, सगळे भोगून, विचार करून, स्वतः होकार दिला. हा होकार कोणत्याही यादीत नोंदलेला नाही. तो त्यांच्या आठवणींतूनच कळतो.

तिसरे लग्न ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात झाले. नवरी गोदूबाई, माहेरच्या जोशी. घरात त्यांना बाया म्हणत. हे त्यांचे दुसरे लग्न. पहिले झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि तीन महिन्यांच्या आत विधवा झाल्या. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच ते संपले होते. पुढची वर्षे सासरी राबण्यात गेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, त्यांचा विवाह फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्यांच्या भावाचे, नरहरपंत जोशांचे, कर्वे जुने मित्र.

या वेळी नवरी जाणती होती. आपण काय करतो आहोत आणि त्याची किंमत काय, हे तिला पुरते माहीत होते. किंमत लवकरच मोजावी लागली. करव्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. लेक आणि सून गावात आली तर घरच्यांनाही त्यांच्याशी मोकळेपणाने वागता येईना. आनंदीबाईंनी हे ‘माझे पुराण’मध्ये सांगितले आहे, ते अगदी रोखठोक, रडगाणे न गाता. सुधारकाची बायको होणे म्हणजे सभेत हारतुरे घेणे नव्हे, आपल्याच माणसांच्या अंगणात परके होणे, हे त्यांच्या सांगण्यातून उमजते.

या तिन्ही लग्नांत एक गोष्ट समान आहे. यमुनेची रमा झाली, मनकर्णिकेची लक्ष्मी झाली, गोदूची आनंदी झाली. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहायचे ही रीत आपल्याला परिचयाची आहे. इतिहास या तिघींना त्या तांदळांवरच्या नावांनीच ओळखतो. त्यांनी पुस्तकांवर घातली तीही हीच नावे. पण आठवणी सांगताना यमुना, मनू आणि बाया या तीन मुली पुन्हा जाग्या होतात. तांदूळ उचलले गेले तरी त्याखालचे जुने नाव पुसले गेले नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. रमाबाईंचे पुस्तक १९१० साली निघाले, पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. ते रानड्यांच्या आठवणींसाठी लिहिलेले आहे. लक्ष्मीबाईंनीही लिहायला घेतले ते मुलाला टिळकांचे चरित्र लिहायचे होते म्हणून. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली. ‘माझे पुराण’ आले १९४४ साली. म्हणजे लग्न आणि लेखन यांच्यात रमाबाईंच्या बाबतीत सदतीस वर्षांचे अंतर आहे, बाकी दोघींच्या बाबतीत पन्नासहून अधिक. एवढ्या काळात आठवण बदलते. काही कोपरे झिजतात, काही उजळतात. नवऱ्यावरचा जीव, मुलांची भीड, समाजाची चाड, हे सगळे लेखणीच्या आड येते. इतिहास वाचणाऱ्याने हे गृहीत धरूनच वाचायचे असते. पण याद्या लिहिणारे वडीलधारे तरी कुठे निःपक्षपाती होते? त्यांनी तूप मोजले. मुलीचे हुंदके मोजले नाहीत.

त्याच काळात एका नवरीने आपली साक्ष पुस्तकात न देता न्यायालयात दिली. रखमाबाईंचे लग्न १८७६ साली, अकराव्या वर्षी झाले होते. त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. माझी संमती नसताना लावलेले लग्न मला बांधून ठेवू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे. १८८७ साली न्यायालयाने सुनावले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. या वादळानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. १९७८ साली ते अठरा झाले. नवरीला विचारायला हवे एवढी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात शिरायला अशी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली.

या सगळ्या पांढरपेशा, हाती पाटी आलेल्या घरांतल्या स्त्रिया आहेत, हे विसरून चालणार नाही. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या घरातल्या नवरीने आपले लग्न जात्यावरच्या ओवीत सांगितले आणि ते पिठाबरोबर विरून गेले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा महारवाड्यातल्या चिमुरड्या नवऱ्या-मुलींचे लग्न आणि सासरचे हाल पहिल्यांदा अनेक वाचकांपुढे आले. तिथे आहेराची यादी नव्हती, कारण यादी करण्यासारखे काही नव्हते. पण न विचारता लग्न लावलेली मुलगी तिथेही होतीच.

तेव्हा पुढच्या वेळी घरात एखादी आजी, मावशी किंवा आत्या आपल्या लग्नाची गोष्ट सांगू लागली, तर तिला हुंडा किती होता, पंगती किती उठल्या, हे विचारू नका. ते कुठेतरी लिहिलेले सापडेल. तुम्हाला त्या दिवशी काय वाटले होते, एवढेच विचारा. कदाचित ती हसेल, कदाचित गप्प बसेल. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेलाच नसेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)